रस्त्याची कड सोडली तेव्हा

ट्रेलर मला दिसलाच नाही. मोटार दिसली होती. आरशात ती दोन वळणांपासून मागे होती, हळू चालली होती, हॉर्नसुद्धा वाजवला नव्हता. तिला जागा मिळावी म्हणून मी डांबर आणि खडी जिथे मिळतात त्या रेषेवर सायकलचं चाक ठेवून चढ चढत होते. मोटार माझ्या कोपराजवळून पुढे गेली. समोरून दुसरी गाडी आली म्हणून चालकाने लगेच आत घेतलं, आणि मागे जोडलेला ट्रेलर वळणाची आतली बाजू कापत थेट माझ्या अंगावर आला. मी खडीत घुसले. पुढचं चाक घसरलं, डावीकडची पॅनियर, म्हणजे चाकाच्या बाजूला लटकवलेली सामानाची बॅग, गवतात टेकली आणि तिच्या आधारामुळेच मी पूर्ण आडवी झाले नाही. ट्रेलर निघून गेला. माझी खात्री आहे, त्या माणसाला काही कळलंही नसेल.

दादा मागे पन्नास-साठ मीटरवर होता. सायकल तशीच टाकून धावत आला. "लागलं का गं?" लागलं नव्हतं. उजवा हात मात्र बराच वेळ थरथरत राहिला.

सहा दिवसांच्या सफरीचा तो पहिला दिवस होता. तळ्याकाठाने सुरुवात, मग दोन घाट, शेवटी समुद्राच्या कडेचा कड्यावरचा रस्ता, एकूण साधारण ३४० किलोमीटर. दोघांनीही याआधी लांबचा प्रवास केला होता, पण रुंद साइडपट्टी असलेल्या मोठ्या रस्त्यांवरून. या वेळी मुद्दाम आडवाटेचा, देखणा रस्ता निवडला होता. मिशेलिनच्या छापील नकाशांत अशा रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ ओढलेली असते. ती रेघ सायकलवाल्याला जशी खुणावते तशीच मोटारीतून फिरायला निघालेल्या माणसालाही खुणावते, हे नकाशा पाहताना माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मालट्रक नाहीत म्हणजे रस्ता शांत, असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, दादाने एक गोष्ट केली. त्याने आपली सायकल रस्त्यावर आडवी धरली, मागचं चाक डांबराच्या एका कडेला टेकवलं, पुढचं चाक जिथे आलं तिथे खडूसारखा एक पांढरा दगड ठेवला, मग सायकल उचलून तिथून पुढे धरली. तीन सायकली झाल्या आणि रस्ता संपला. सायकलची लांबी पावणेदोन मीटरच्या आसपास, म्हणजे अख्खा रस्ता सव्वापाच मीटर. आमच्या वाट्याची अर्धी बाजू धड पावणेतीन मीटरसुद्धा नाही.

"आता तू काल होतीस तिथे उभी राहा," तो म्हणाला. मी उभी राहिले. कडेपासून माझ्या उजव्या खांद्यापर्यंत सत्तर-ऐंशी सेंटिमीटर गेले. मधल्या रेषेपर्यंत दोन मीटरही उरेनात. आरशांसकट मोटार साधारण दोन मीटर रुंद असते. म्हणजे समोरून गाडी येत असताना माझ्या शेजारून मोटार जायची तर मला चिकटून जायला हवी, किंवा मला खडीत ढकलून.

मी तिथे उभीच राहिले. काल दिवसभर मला वाटत होतं की मी कडेला राहून जागा देते आहे. प्रत्यक्षात देण्यासारखी जागा नव्हतीच. कडेला राहिल्यामुळे मागच्या चालकाला फक्त तसा भास होत होता. 'जमेल बहुतेक' असं वाटून तो पुढे घुसायचा आणि मध्येच कळायचं की जमत नाही. तेव्हा मात्र तो आत घेणार, कारण समोरच्या गाडीवर आदळण्यापेक्षा त्याला तेच बरं वाटणार.

जर्मनीत २०२० पासून गावाबाहेर सायकलवाल्याला ओलांडताना किमान दोन मीटर अंतर ठेवायचा नियम आहे, फ्रान्समध्ये दीड मीटरचा. पावणेतीन मीटरच्या पट्टीत हे अंतर बसवून बघा. पलीकडची पट्टी पूर्ण मोकळी असल्याशिवाय ते बसतच नाही. ब्रिटनच्या वाहतूक संहितेत २९ जानेवारी २०२२ पासून सायकलवाल्यांना स्पष्ट सांगितलं आहे की शांत रस्त्यांवर आणि रस्ता अरुंद होतो तिथे पट्टीच्या मधोमध चालवा. मी हे वाचलं होतं आणि मला ते आडमुठेपणाचं वाटलं होतं. त्या पहाटे दगड ठेवून मोजल्यावर ते साधं गणित वाटलं.

त्या दिवसापासून मी कडेपासून एक-सव्वा मीटर आत, तीच रेष धरून चालवायला लागले. पहिला तासभर अंग चोरून बसल्यासारखं झालं. मागे इंजिनाचा आवाज आला की हात आपोआप कडेकडे वळायचे. दादा मागून ओरडायचा, "रेष धर, रेष धर!" पण फरक लगेच दिसला. मागची गाडी आता माझ्या कोपराशी न येता मागेच थांबायची, वळण संपलं की पूर्ण पलीकडच्या पट्टीत जाऊन ओलांडायची. आणि कोणी कट मारलाच तर डावीकडे सरकायला मीटरभर डांबर होतं. कडेला असताना सरकायला फक्त खडी होती.

आंधळ्या वळणांचं भय मात्र वेगळं असतं. डोंगर आपल्या बाजूला असेल तर वळणापलीकडचं काही दिसत नाही, आणि मागून येणाऱ्यालाही आपण अगदी शेवटच्या क्षणी दिसतो. मी रात्री कागदावर मांडून पाहिलं. मोटार ताशी ६० किलोमीटरने येते आहे, मी चढावर १० ने. दोघांच्या वेगातला फरक सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. चालकाला मला पाहून ब्रेकवर पाय ठेवायला दीड सेकंद लागला तर २१ मीटर गेले. तिथून कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावून माझ्या वेगावर यायला आणखी साधारण १४. म्हणजे ३५ मीटर. मी त्याला ४० मीटरवरून दिसले तर वाचले. पण तो एकच सेकंद जास्त तळ्याकडे बघत राहिला, तर हिशेब ४९ वर जातो.

हा जास्तीचा एक सेकंद हीच या रस्त्यांची खरी अडचण आहे, असं माझं मत झालं आहे. इथे कोणी रागाने चालवत नाही. उलट हळूच चालवतात. पण सगळ्यांची नजर देखाव्यावर असते, आणि नजर जिकडे तिकडे स्टिअरिंग थोडं तरी झुकतं. मोठ्या रस्त्यावरचा ट्रकवाला रोज तिथून जातो, त्याला रस्ता पाठ असतो, गाडीची रुंदी त्याच्या अंगात भिनलेली असते. फिरायला आलेल्या माणसाला वळण नवीन, पुष्कळदा गाडीही भाड्याची, आणि शेजारचा माणूस 'ते बघा, ते बघा' म्हणत असतो.

म्हणून आतल्या वळणावर मी आणखी थोडी मध्याकडे सरकायला लागले, लवकर दिसावं म्हणून. वळण उलगडलं की परत आपल्या रेषेवर. मागचा लाल दिवा भर उन्हात लुकलुकत ठेवला. घोट्याला परावर्तक पट्ट्या बांधल्या, कारण पेडलबरोबर वरखाली होणारा चमकता ठिपका दुरूनसुद्धा 'इथे माणूस सायकल चालवतो आहे' असं सांगतो. पाठीवरचं जाकीट कितीही भडक असलं तरी मागचं झाड, ऊन, सावली यांत ते बघता बघता मिसळून जातं.

तिसऱ्या दिवशी आम्ही सायकल चालवायच्या वेळा बदलल्या. अमेरिकेतल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमधून जाणाऱ्या गोइंग टू द सन या डोंगरी रस्त्यावर १५ जूनपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत, काही टप्प्यांत सकाळी ११ ते दुपारी ४ सायकलला बंदी असते. हे वाचलं तेव्हा मला राग आला होता. सायकलनेच का वाट सोडायची? तो प्रश्न अजूनही माझ्या मनात आहे, आणि सायकलऐवजी मोटारींना काही तास थांबवणारे रस्ते जास्त असावेत असं मला मनापासून वाटतं. पण त्या वेळा कोणी उगाच ठरवलेल्या नाहीत, हे आम्ही स्वतः अनुभवलं. सकाळी सहा ते साडेनऊपर्यंत रस्ता आमचा असायचा. दहानंतर गाड्या वाढायच्या, अकराला रांगा लागायच्या, चार वाजता सगळं थोडं ओसरायचं आणि मग सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पुन्हा लोंढा. सूर्यास्त पाहून परतणारा लोंढा सगळ्यात वाईट, कारण अंधुक उजेड, सगळ्यांना घाई, आणि डोळे नुकतेच सूर्याकडे बघून दिपलेले. आम्ही चढाचे टप्पे सकाळच्या साडेतीन तासांत बसवले, दुपारी सावलीत पडून राहिलो आणि सूर्यास्ताच्या आत मुक्कामावर पोचायचं हे पक्कं केलं.

सकाळच्या वेळेलाही एक पथ्य होतं. सूर्य खाली असताना आपली सावली लांब पडते. ती ज्या दिशेला पडते, त्या दिशेकडून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत ऊन असतं. सावली मागे पडली की मी आरशावर जास्त लक्ष ठेवायची, पुढे पडली की समोरून ओव्हरटेक करणाऱ्यांवर. सफरीवर निघणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं, इतकं ते उपयोगी आहे.

हातांच्या खुणांचा धडा मात्र धोक्याने शिकले. चढावर मागे गाड्या साठल्या की मला संकोच वाटायचा. समोरचा रस्ता मोकळा दिसला की मी हात हलवून 'या पुढे' म्हणायची. तिसऱ्याच दिवशी एका लाल मोटारीला असं बोलावलं आणि ती माझ्या बरोबरीला असताना वरच्या वळणातून दोन मोटारसायकली झुकलेल्या अवस्थेतच बाहेर आल्या. मोटारीने करकचून ब्रेक लावले, मोटारसायकलवाले कठड्याला लागून निसटले. कोणाला काही झालं नाही. पण त्या चालकाने माझ्या डोळ्यांनी रस्ता पाहिला होता, माझ्या शब्दावर पट्टी सोडली होती. तेव्हापासून मी 'या' अशी खूण कधीच करत नाही. तळहात मागे, खाली धरून 'थांबा' एवढीच करते. पुढे यायचं की नाही, हे त्याचं त्याने बघून ठरवायचं.

त्याऐवजी थांबायला शिकलो. कॅलिफोर्नियात नियम आहे: दुपदरी रस्त्यावर सावकाश चाललेल्या वाहनामागे पाच किंवा जास्त वाहनं साठली आणि पुढे जायला सोय नसली, तर सुरक्षित जागा मिळताच बाजूला व्हायचं. आम्ही आमच्यापुरता तो आकडा तीन केला. आरशात तीन गाड्या दिसल्या की पुढच्या रुंद जागी पूर्ण बाजूला व्हायचं आणि सगळ्या जाऊ द्यायच्या. भरलेली सायकल घेऊन चढावर थांबणं सोपं नाही. थांबायच्या आधीच सगळ्यात हलका गिअर टाकून ठेवावा लागतो, नाहीतर परत निघताना पेडल हलत नाही. आणि निघताना रस्ता रिकामा बघून थोडं तिरकं निघावं लागतं, म्हणजे चढ कमी लागतो. एका सकाळी असं अकरा वेळा थांबलो. लय पार मोडली. पण जाणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हात केला, एकाने खिडकीतून "आभारी आहे" म्हटलं, आणि मुख्य म्हणजे माझ्या पाठीवरचं ओझं गेलं. रेष धरायची ती ठामपणे, आणि जागा आली की सोडायची ती पूर्ण. अर्धवट कडेला सरकून चालत राहणं यातलं काहीच नाही.

चौथ्या दिवशी घाटमाथ्यावरच्या देखाव्याच्या जागी एक वयस्क गृहस्थ भेटले. भाड्याची कॅम्पर व्हॅन, म्हणजे आतच राहायची सोय असलेली गाडी, घेऊन पत्नीसोबत फिरत होते. आम्हाला बघून स्वतःहून जवळ आले. "ताई, खाली वळणावर तुम्हाला ओलांडलं, तेव्हा फार जवळून गेलो का हो? मला कळतच नव्हतं किती अंतर आहे ते." इतक्या सरळपणे कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "काका, मलाही तुमच्या जागेवरून बघायचंय. बसू का?" त्यांनी दार उघडून दिलं.

सीट उंच होती. समोरची काच भव्य, तळं अख्खं दिसत होतं. काचेच्या बाजूला मात्र माझ्या तळहाताहून रुंद खांब होता, आणि त्याला लागूनच भलामोठा आरसा. दादाला मी सायकल घेऊन पुढे जायला सांगितलं. तो वीसेक मीटर चालत गेला, वळणाकडे तिरका झाला, आणि नाहीसा झाला. पॅनियर, भडक जाकीट, सहा फुटांचा माणूस, सगळं त्या खांबामागे गेलं. मी डोकं दोन बोटं पुढे नेलं तेव्हा तो पुन्हा दिसला. सीटला टेकले, पुन्हा गायब. काका बाहेर उभे राहून विचारत होते, "काय झालं?" मी त्यांनाच आत बसवलं आणि दादाला पुन्हा चालायला लावलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पत्नीला बोलावून तिलाही दाखवलं.

"म्हणजे वळणावर डोकं हलवायला हवं," ते म्हणाले. आणि आम्हालाही कळलं की वळणावर चालक आमच्याकडे तोंड करून असला म्हणजे त्याला आम्ही दिसतोच, असं नाही. त्यांनी आणखी एक सांगितलं: "आरसा बाहेर किती आलाय हे मला आतून दिसत नाही. मी टायर बघून चालवतो." हे ऐकल्यापासून मी कॅम्परला हातभर जास्त जागा देते.

देखाव्याच्या अशा जागा जवळ आल्या की आम्ही वेग निम्मा करायचो. उभ्या गाड्यांचे दरवाजे फटकन उघडतात, गाड्या न बघता उलट्या येतात, मुलं पळत रस्ता ओलांडतात, आणि एखादी चालती गाडी मोकळी जागा दिसताच कचकन थांबते. उभ्या गाडीपासून दरवाजाभर अंतर ठेवायचं आणि पुढच्या चाकांकडे बघत राहायचं. चाक वळलेलं दिसलं की ती निघणार.

उतार मला आवडले, चौथ्या दिवसाचा सोडून. त्या उतारावर मोटारी आमच्याहून हळू जात होत्या आणि मला ओव्हरटेक करायचा मोह झाला. दादाने नंतर चांगलंच झापलं, आणि बरोबर झापलं. भरलेली सायकल वळणावर लवकर थांबत नाही. ब्रेक सतत दाबून ठेवले तर तापतात, म्हणून सरळ भागात दाबायचे, सोडायचे, वळणाआधी वेग पूर्ण उतरवायचा. पुढच्या मोटारीमागे अंतर ठेवून गेलो की ती मोटारच आमच्यासाठी वाट मोकळी करत जाते.

समुद्राकडेच्या रस्त्यावर वारा आडवा होता. तिथे बसगाड्यांची वेगळी गंमत नव्हे, धसका होता: बस शेजारी येते तेव्हा तिच्या तोंडची हवा आधी बाहेर ढकलते, मग वारा एकदम अडतो आणि सायकल आत ओढली जाते, आणि बस गेली की वारा पुन्हा थोबाडीत बसतो. हँडल घट्ट आवळलं की उलट जास्त हेलकावे बसतात. कोपरं सैल ठेवून मी ते तीन झटके मोजायला शिकले.

सहाव्या दिवशी शेवटच्या बारा किलोमीटरांत एक बोगदा होता. लांबी तीनशे मीटर, आत किंचित चढ, दिवे नाहीत. आम्ही तोंडाशी थांबलो, काळे चष्मे काढले, पुढचे-मागचे दिवे लावले, मागे काही नाही हे बघून शिरलो. पट्टीच्या मधोमध, एकामागे एक. शंभरेक मीटर आत गेलो असू, तेवढ्यात मागे मोठ्या इंजिनाचा आवाज घुमला. बोगद्यात आवाज चारी बाजूंनी येतो, किती जवळ आहे ते कळत नाही. माझा हात कडेकडे वळला. भिंत ओली होती, काठाला चिखल. "रेष धर," मागून दादा म्हणाला, या वेळी हळूच.

मी रेष धरली. आवाज जवळ आला आणि तिथेच थांबला. मग मागून उजेड पडला, झगझगीत न होता खाली धरलेला, आणि समोरचा सगळा रस्ता दिसायला लागला: खड्डे, पाण्याचा ओघळ, पांढरी रेघ, आणि तिच्यावर आम्हा दोघांच्या लांब सावल्या. त्या उजेडात आम्ही उरलेले दोनशे मीटर चढलो. हॉर्न नाही, डिपर नाही.

बाहेर पडल्यावर साठेक मीटरवर डावीकडे रुंद जागा होती. आम्ही हलका गिअर टाकला आणि पूर्ण बाजूला झालो. पर्यटकांची मोठी बस सावकाश पुढे आली. चालकाने आमच्याकडे बघितलं, दोन बोटं स्टिअरिंगवरून उचलली आणि गेला. तिच्यामागे आणखी चार गाड्या होत्या. त्या जाईपर्यंत थांबलो, मग दादाने मागे वळून पाहिलं आणि म्हणाला, "चल, मोकळा आहे."